अबोल्यातली टाळी

लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली, त्याला नऊ दिवस झाले. आमच्या घड्याळजींनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला न विचारताच तिला होकार देऊन टाकला होता. तेव्हापासून घरात अबोला. मी भिंतीला सांगायची, "कुणाला जेवायचं असेल तर ताट वाढलंय." ते ताटाला सांगायचे, "कुणीतरी मीठ विसरलंय." विसरले होतेच, पण कबूल कोण करतो?

नमाज मात्र एकत्र. दुपारी खालचं दुकान बंद करून ते वर यायचे, पुढे उभे राहायचे, मी मागे. भांडण आमच्यात होतं, अल्लाशी नव्हतं. आणि खरं सांगते, दिवसभर छातीवर बसलेला धोंडा कपाळ जमिनीला टेकलं की तेवढ्यापुरता उतरायचा.

नमाजात पुढचा माणूस चुकला तर मागच्या बाईने बोलायचं नसतं, हातावर हात मारून टाळी द्यायची. अबोल्याला याहून सोयीचा नियम नाही! लोकांच्या घड्याळांचे सेकंद जुळवणाऱ्या या माणसाला लेक गेल्यापासून नमाजच्या चार रकात, म्हणजे उठण्या-वाकण्याच्या चार फेऱ्या, मोजता येईनात. सोमवारी तिसऱ्या रकातीलाच बसून राहिले. टाळी. मंगळवारी पाचवीला उभे राहिले. टाळी. बुधवारची तर इतकी सणसणीत होती की शेजारीण डोकावून गेली. मला मजा यायला लागली होती, तौबा तौबा.

काल शेवटच्या सजद्यात जमिनीला कपाळ टेकवलं, ते उठेचनात. माझे गुडघे बोंबलायला लागले. गृहस्थ झोपले की काय? कपाळ टेकलेलं ठेवूनच मी कशीबशी टाळी दिली. काही नाही. दुसरी देणार, तेवढ्यात नाक ओढल्याचा आवाज आला. छत्तीस वर्षांच्या संसारात मी यांना रडताना ऐकलं नव्हतं.

सलाम फिरवून नमाज आटोपल्यावरही ते पाठमोरेच बसून राहिले. आधी बोलेल तो हरणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हटलं, गेली हारजीत खड्ड्यात.

"अहो, एवढा वेळ काय मागत होतात?"

"पोरीला तिकडे करमू दे, एवढंच." मग बाहीला डोळे पुसत म्हणाले, "आणि तू गं?"

मी काय सांगणार, कपाळ! तिला तिथे अजिबात करमू नये, तडक बॅग उचलून परत यावी, हेच मी नऊ दिवस मागत होते.

"तेच की," मी जानमाजच्या चटईवर बसून धडधडीत खोटं बोलले, आणि आधीची दुआ मागे घ्यायला घाईघाईने पुन्हा हात उचलले.