झिपरूची पाठवणी

धोंड्याच्या महिन्यात जावई आले, आणि तिसऱ्या दिवशी रुसले.

पाट मांडलेला, पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणाचे धोंडे तुपात निथळत बसलेले. आणि अभिमनराव बाहेर ओट्यावरच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. नव्याण्णव सालचा मे महिना. मेहरूणच्या तळ्याचं पाणी पार तळाला गेलं होतं, लिंबाखालचा कावळासुद्धा हलायला तयार नव्हता. पण जावई उन्हातच पडून राहिले. रुसायचं तर नीट रुसावं. कूलरसमोर बसून रुसलं तर कोण दखल घेणार?

सासरे रुपचंदनाना खाटेपाशी उकिडवे बसले. "काय कमी पडनं, जवाईबापू?"

"काही नही, मामा. माले भूकच नही."

सकाळी सात अनारसे खाल्लेला माणूस भूक नाही म्हणतो, म्हणजे दुखणं पोटाचं नव्हे. नाना मनातल्या मनात चाचपत राहिले. घड्याळ दिवाळीला झालं. अंगठी लग्नातच झाली. मग काय राहिलं? आतून वच्छलाबाई, म्हणजे सासूबाई, डोळ्यांनी विचारत होत्या. नानांची बहीण भागाबाई, घरातली सगळी तिला फुई, म्हणजे आत्या, म्हणत, ती चुलीपाशी बसून कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात गुणगुणली:

"जवाई रुसना माय, पाटवर बसेना,
काचमानी तलवार, हातमा गवसेना."

"तलवार? कसाले?" नाना दचकले. "कोनाशी भांडन शे का त्यासनं?"

तेव्हा मंजुळा बोलली. नानांची मुलगी; तिला धुळ्याला देऊन दोन वर्षं झाली होती. नवऱ्याचा रुसवा तिला रात्रीच कळला होता, पण घरात सांगायची लाज वाटत होती. "खरी नाही, नाना," ती म्हणाली. "भाऊच्या कॉम्प्युटरातली."

भाऊ म्हणजे तिचा थोरला, कौतिक. वय सत्तावीस, नव्या पेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासात पोरांना शिकवायचा. क्लासनं टाकून दिलेलं एक जुनं मशीन दुरुस्त करून त्यानं घरी आणलं आणि ठेवलं कुठं, तर मंजुळाच्या खोलीत. ती गेल्यावर खोली मोकळीच होती. मशीन तापतं म्हणून घरातला एकुलता एक कूलर त्याच खोलीला. त्यामुळे पहिल्याच दुपारी जावई वाऱ्याच्या मागं मागं तिथं पोचले, आणि पुढचं सगळं घडलं.

त्या मशीनमध्ये एक खेळ होता. राक्षस विलायती, भाषा इंग्रजी. सुरुवातीला तीन जण ओळीनं उभे राहायचे, शिपाई, तिरंदाज आणि मांत्रिक. त्यातला एक आपला म्हणून निवडायचा, त्याला नाव द्यायचं. मग तो तळघरात उतरून मारामारी करायचा, आणि दर पायरी चढला की पाच पॉइंट मिळायचे. ते पॉइंट चार खणांत वाटायचे: ताकद, चपळाई, मंत्र, जीव. ज्या खणात टाकाल तसा गडी घडेल. एकदा टाकलेला पॉइंट परत काढता येत नाही.

क्लासातली झाडून सगळी पोरं शिपाई घ्यायची आणि सगळे पॉइंट ताकदीत ओतायची. ज्यांना घरी पाण्याची कळशी उचलायचा कंटाळा, त्यांचे शिपाई डोंगर उचलायचे. कौतिकनं शिपाईच घेतला, पण त्याचे झाडून सगळे पॉइंट चपळाईत टाकले. नाव ठेवलं झिपरू. पोरं हसली. झिपरूचा जीव एवढासा की उंदीर चावला तरी राम म्हणेल. पण चावायला आधी तो उंदराला सापडला पाहिजे! वाऱ्यावरची सावरी जशी, तसा तो राक्षसांच्या अंगाखालून निघून जायचा.

आणि तलवार. तळघराच्या सातव्या मजल्यावर एक दगडी राक्षस होता. तो मेला की काहीतरी टाकायचा: कधी गंजका सुरा, कधी फाटका जोडा, कधी बिनकड्याचं झाकण. पुन्हा उतरा, पुन्हा मारा. चौदा महिने कौतिक त्याच राक्षसाला मारत होता. राक्षसालाही त्याची ओळख पटली असावी. होळीच्या दुसऱ्या दिवशी त्यानं निळी तलवार टाकली. उचलायला ताकद लागत नव्हती, चपळाई लागत होती, आणि तेवढी चपळाई अख्ख्या जळगावात एकट्या झिपरूकडं होती. क्लासातली पोरं रविवारी घरी येऊन बघून गेली. ज्या कौतिकला स्थळं दाखवणारे "मुलगा काय करतो?" विचारून चहा अर्धाच ठेवायचे, त्याच्याकडं वीस पोरं मान वर करून बघत होती. त्याच्या आयुष्यात एवढी एक गोष्ट त्यानं स्वतः, पहिल्यापासून, मनाजोगी घडवली होती.

जावयांनी पहिल्या दुपारी रुंद खांद्यांचा शिपाई निवडला, नाव दिलं अभिमन, आणि मिळेल तो पॉइंट ताकदीत टाकला. कौतिक म्हणाला, "दाजी, थोडे जीवात टाका."

"ताकद ऱ्हायनी म्हंजे जीव ऱ्हासच," दाजी म्हणाले.

अभिमन शिपाई म्हशीसारखा डुलत तळघरात उतरला. वटवाघळांनी त्याला पाचव्या मिनिटाला खाल्लं. दुसऱ्यांदा चौथ्या. तिसऱ्यांदा पायरीवरच. मग दाजींची नजर झिपरूवर गेली, झिपरूच्या हातातल्या निळ्या उजेडावर गेली.

"ती दे माले."

खेळातल्या गावात एक सामायिक पेटी होती. कौतिकनं बिचाऱ्यानं तलवार पेटीत ठेवली, दाजींच्या शिपायानं काढली. तलवारीभोवतीचा चौकोन लालभडक झाला, आणि ती पुन्हा झिपरूकडं आली. "तुमचा शिपाई ती उचलू शकत नाही, दाजी," कौतिक म्हणाला. तो खेळाचं बोलत होता. पण बायकोच्या माहेरी, बायकोच्या भावानं, तोंडावर सांगितलं की तुम्हांला उचलत नाही! दुसऱ्या दिवशी दाजी गप्प झाले. तिसऱ्या दिवशी खाट ओट्यावर गेली.

हे सगळं मंजुळानं थोडक्यात सांगितलं. नाना ऐकून मोकळेच झाले. स्कूटर नाही, फ्रिज नाही, काचेतली तलवार!

"मंग दी टाक ना भो!" ते कौतिकवर ओरडले. "आख्खी पोर दी टाकी मी, तू तलवारले अडी बसना?"

"नाना, नुसती तलवार देऊन उपयोग नाही. त्यांच्या गड्याला ती चालत नाही. झिपरूच द्यावा लागेल."

"मंग झिपरू दे."

नानांना झिपरू कोण ते माहीत नव्हतं. पण देणं त्यांना माहीत होतं. मंजुळासाठी स्थळ बघायला गेले तेव्हाही त्यांनी असेच खण तपासले होते: उंची, सरकारी कचेरीतली नोकरी, बापाची बागायत. तीन खण भरलेले दिसले. चौथ्यात कुणी डोकावून पाहिलं नाही.

तेवढ्यात कौतिकला युक्ती सुचली. तो मनापासून हसला. झिपरूची नक्कल फ्लॉपीवर उतरवून द्यायची! दाजींच्या कचेरीत मशीन आहे; तिथं तो जसाच्या तसा उभा राहील, तलवारीसकट. आणि इथला इथं राहील. देणं पण झालं आणि गेलं पण काही नाही. असं देणं खानदेशात आजवर कुणी दिलं नसेल.

दाजी खाटेवरून उठले. खोलीत आले. कौतिकनं काळ्या चौकोनी फ्लॉपीवर झिपरू उतरवला, काढून त्यांच्या हातात ठेवला. वच्छलाबाईंनी देवाला हात जोडले. धोंडे पुन्हा गरम करायला घेतले. पण दाजींची नजर पडद्यावर होती. पडद्यावर झिपरू तसाच उभा, तलवार तशीच हातात, निळी.

"हाऊ तं आठेबी शे!"

"हो दाजी. तुमच्याकडेही आहे, माझ्याकडेही आहे."

दाजींनी फ्लॉपी टेबलावर ठेवली. "मामा, तुम्हीच सांगा. देयेल वस्तू देनाराना घर कशी ऱ्हाई?"

कौतिकनं सांगून पाहिलं. दिव्यानं दिवा लावला तर पहिला विझत नाही, म्हणाला. क्लासात दोन वर्षं शिकवलेलं सगळं शिकवून पाहिलं. पण दाजींचं गणित साधं होतं: देणाऱ्याच्या घरात जेवढं रिकामं होतं, तेवढं घेणाऱ्याच्या घरात भरतं. इथं तर काहीच रिकामं झालं नव्हतं. मग मिळालं काय? शिळी नक्कल. असं वाण घेऊन धुळ्यात तोंड कसं दाखवायचं?

नानांनी मिशीवर बोट फिरवलं. आणि वाईट म्हणजे त्यांना ते पटलं.

"बराबर शे जवाईबापूनं," ते म्हणाले. "आपल्या घरात ऱ्हायलं, तं दिलं कसं म्हणायचं? देयेल वस्तू आपली ऱ्हास नही. पुशी टाक, कौतिक."

मंजुळा दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. खोली तिची, आता तिच्या कपाटात तारा होत्या आणि तिच्या खिडकीला कूलर. बापाचं बोलणं तिनं ऐकलं. तांब्या खाली ठेवला, पदरानं हात पुसले. बोलली फुई: "मंग ही पोर आठे कोना घर उनी वं?" पण ही पोर इथं कुणाच्या घरी आली, हा फुईचा प्रश्न कोण मनावर घेतं. ती विधवा आणि वर गाणारी.

पाठवणीची तयारी झाली. वच्छलाबाईंनी चांदीचं तबक काढलं, त्यात तांदूळ, सुपारी, नारळ आणि मधोमध फ्लॉपी. जावयाला वाण द्यायचं ते कोरडं कसं द्यायचं? त्यांनी फ्लॉपीला हळद लावली. कुंकू लावताना त्यांना पत्र्याची झडप दिसली. डबी उघडून दागिना बघावा तशा मायेनं त्यांनी ती अंगठ्यानं सरकवली. आत तपकिरी चकती चमकली.

"आतमाच शे ना तो?" त्यांनी विचारलं, आणि ओलं कुंकू चांगलं ठसठशीत आतच लावलं. वरून अक्षता टाकल्या. दोन दाणे आत गेले.

कौतिकनं पाहिलं. त्या कुंकवाखाली झिपरूचं काय झालं, हे त्या घरात त्याच्याशिवाय आणखी एकीलाच कळलं. आल्या दिवशीच क्लासातल्या फ्लॉप्या दाखवताना तो मंजुळाला म्हणाला होता की आतल्या चकतीला बोटसुद्धा लावायचं नसतं, आतलं सगळं जातं. तिनं भावाकडं पाहिलं. तिचे ओठ हलले, "भाऊ, ती..."

त्यानं मान हलवली.

सांगितलं तर दुसरी फ्लॉपी काढता येत होती. दोन मिनिटांचं काम. झिपरू निदान धुळ्यात तरी जगला असता. पण मग आईनं लावलेलं कुंकू वाया गेलं असं सगळ्यांसमोर म्हणावं लागलं असतं. वाणाला अपशकुन झाला, सासूच्या हातानं झाला. रुसवा पुन्हा ओट्यावर गेला असता. आणि तो अपशकुन धुळ्यात वर्षभर मंजुळाच्या ताटात वाढला गेला असता. एका बाजूला चौदा महिने, दुसऱ्या बाजूला हे. पॉइंट कुठल्या खणात टाकायचे ते कौतिकला कळत होतं.

त्यानं झिपरूच्या नावावर बाण आणला आणि कळ दाबली. पडद्यावर चौकट आली.

"काय म्हनस ते?" नानांनी विचारलं.

"नक्की पुसायचं का, विचारतंय."

"त्याले सांग, नानानी सांगं."

कौतिकनं सांगितलं. झिपरू उभा होता तिथं काळा चौकोन राहिला. "आता बराबर," दाजी म्हणाले, पाटावर जाऊन बसले आणि अकरा धोंडे जेवले. तूप दोनदा मागून घेतलं.

पंधरा दिवसांनी धुळ्याहून अंतर्देशीय पत्र आलं. मंजुळाचं अक्षर, बारीक आणि सरळ.

"भाऊ, आम्ही सुखरूप पोचलो. तुझ्या झिपरूची काळजी करू नको. ह्यांनी फ्लॉपी पिशवीतून काढली तर सासूबाईंना कुंकू दिसलं. कुंकू लावलेली वस्तू कचेरीत कशी न्यायची, म्हणून त्यांनी ती देवघरात ठेवली, खंडोबाच्या टाकाशेजारी. ह्यांनी एकदा मागितली, तर त्या चिडल्या. मग ह्यांनी पुन्हा विषय काढला नाही. मला वाटतं ह्यांना बरंच वाटलं, कारण वटवाघळांची भीती अजून गेलेली नाही. कचेरीत मात्र सगळ्यांना सांगून झालंय की सासऱ्यांनी तलवार दिली. साहेब बघायला येणार आहेत. मी रोज त्याला निरांजन ओवाळते, एक फूल वाहते. माझ्यानंतर दोन वर्षांनी आला या घरात, पण त्याला नैवेद्य आधी आणि मला जेवण शेवटी. मी कुणाला काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ओवाळताना हसू येतं, ते सासूबाईंना भक्ती वाटते.

आईला नमस्कार. तू नवा कोण घेतलास ते कळव. आणि या वेळी थोडे पॉइंट जीवात टाक."