तिसरं चामडं

दुसरं चामडं माझ्या हातात तडकलं तेव्हा आवाज फार झाला नाही, पापड मोडतो तेवढाच. पण मोरोपंतांनी तो ऐकला. ते का तडकलं हे त्या अख्ख्या आवारात मला एकट्याला ठाऊक होतं. निदान मी तसं समजत होतो.

मी भगवंत, अकोल्याच्या एका कापूस-प्रेसमधला फिटर. जात माळ्याची, बापाची मोर्णेकाठी वांगी-भेंडीची वाडी आणि चार केळी. लोखंडाच्या नादाला लागलो म्हणून बाप मरेपर्यंत बोलला. आमच्या प्रेसमध्ये रुईच्या गाठी दाबत. जमिनीतल्या खड्ड्यात सिलिंडर, त्यात हत्तीच्या पायाएवढा लोखंडी दट्ट्या. खालून पंपाचं पाणी शिरलं की तो वर चढतो आणि रुईची गाठ आवळतो. दट्ट्या आणि सिलिंडरचं तोंड यांच्यामधल्या फटीत, तोंडाच्या आतल्या खाचेत, कातड्याचं एक कडं असतं. दुमडलेलं, दोन ओठांचं. पाण्याचा जोर आला की ओठ फाकतात आणि फट बंद होते. ओठाला नखाएवढी चीर गेली तरी पाण्याची चिळकांडी उडते आणि दाब बसतो. दीडशे माणसं, विलायती यंत्र, मोठा भोंगा, आणि सगळं अडतं कशावर, तर वीतभर कातड्यावर. मोठेपणाची मला तेव्हापासूनच फारशी भीड वाटत नाही.

ही कडी पुंजाराम बनवायचे. मूळ चांदूर बाजाराकडचे चर्मकार, आता अकोल्यातच राहणारे, वय साठीच्या घरात. विलायतेहून कडं यायला दोन-दोन महिने लागत, म्हणून अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांना जुनं कडं दाखवलं. त्यांनी लाकडाचा साचा करून अस्सं उतरवलं की साहेबाचं कडं त्यापुढे फिकं पडलं. त्या दिवसापासून अकोल्यातल्या निम्म्या प्रेस त्यांच्याच चामड्यावर चालत.

आणि आता चालू हंगामात एका दिवसात दोन कडी गेली होती. पहिलं बसवलं, दाब चढवला आणि फाटलं. दुसरं तर खाचेत घालायला वाकवलं तिथेच तडकलं.

मोरोपंत आमचे मॅनेजर. माणूस वाईट नाही, कामाला चोख, पण चामड्याला हात लावत नसत. चार हातांवरून पाहून त्यांनी निकाल दिला.

"कुजकं कातडं दिलं या पुंजारामाने. अकरा वर्षं विश्वास ठेवला, त्याचं हे फळ! भगवंता, आता किती शिल्लक आहेत?"

"एकच."

"उद्या ते बसव. तेही गेलं तर शनिवारी सगळ्या मॅनेजरांची बैठक आहे, तिथे सांगून टाकतो, या माणसाचं चामडं कुणीही घेऊ नका."

पहिलं फाटल्यावर बोलावून आणलेले पुंजाराम दाराशी उभे होते. तडकलेले तुकडे उचलून त्यांनी उलटेपालटे केले, घडीत बोट फिरवलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तुकडे खाली ठेवले. बोलले काहीच नाहीत. मीही बोललो नाही. इथेच माझी खरी लाज आहे, म्हणून ती आधीच सांगतो.

झालं होतं असं. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. पाने, हातोडे, कानस, सगळं धुऊन कोठीत मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. माळा माझ्याच घरच्या. पूजा मोरोपंत करत. त्या सकाळी त्यांना कोठीच्या फळीवर ती तीन कडी दिसली. "पूजेच्या खोलीत कातडं? हलव ते आधी," ते म्हणाले. मी हलवलं. बॉयलरच्या मागच्या भिंतीला एक कोनाडा होता, कोरडा, उंदरांपासून लांब. बॉयलर तेव्हा थंडगार होता, हंगाम सुरू व्हायचा होता. मनात म्हटलं, दसरा झाला की परत आणू. दसरा झाला, दिवाळी झाली, बॉयलर पेटला, आणि कडी तिथेच भाजत राहिली. अडीच महिने! चामडं म्हणजे काय भट्टीतली वीट आहे? गरज पडली तेव्हा मी ती गोणपाटात गुंडाळून आणली, आणि सगळ्यांना वाटलं की कोठीतून आणली. मी वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाराम स्वतःहून आले. सोबत तांब्याचं पातेलं आणि चरबीचा डबा. तिसरं कडं गोणपाटाच्या तळाशी होतं. ते कोनाड्यातही सर्वांत खाली होतं, म्हणून थोडं वाचलेलं. पण वाजवून पाहिलं तर टकटक वाजत होतं.

"बॉयलरचं पाणी आणतो," मी म्हटलं. "गरम पाण्यानं लवकर नरम होईल."

"मिस्तरी, त्याले उकडायचं नाई," ते म्हणाले. "कढत पाण्यात घातलं का आकसून मुठीएवढं होते. लेकराले आंघोळ घालता ना, तसं पाणी पाह्यजे."

त्यांनी मनगटाची आतली बाजू बुडवून पाणी पाहिलं, दोनदा थंड मिसळलं, मग कडं सोडलं. सकाळभर ते पाणी बदलत बसले. मोरोपंत दर अर्ध्या तासाने दाराशी येऊन घड्याळ बघून जात. मी मनाशी एकच घोकत होतो, हे बसू दे, दाब धरू दे, मग सगळं आपोआप मिटेल. पुंजाराम वाचतील आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. भित्र्या माणसाची अक्कल अशी चालते.

दुपारी कडं वाकलं. पुंजारामांनी चरबी हातावर घेऊन ती आत-बाहेर जिरवली, ओठांवर अंगठा फिरवत. "एक बारीक रेघ हाये इथं," ते म्हणाले. "तुटली नाई अजून. धक्का लागला का जाईन."

दट्ट्या आम्ही चेनकप्पीने वर उचलून धरला होता. साखळीवर सहदेव, माझा मदतनीस, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा आणि माझ्याहून शांत. मी खड्ड्यात उतरलो. कडं हातात घेऊन कुयरीसारखं दुमडलं, खाचेत सरकवलं आणि हळूहळू मोकळं सोडलं. पेचकस नाही, पाना नाही, नुसती बोटं. ते खाचेत बसलं. रेघ तुटली नव्हती.

आता खरी परीक्षा. त्या दट्ट्याच्या खालच्या कडेला वर्षानुवर्षांचे दाते पडले होते. कानशीने मी जमतील तेवढे घासले, तरी बोट फिरवलं की खुपत होते. तो तेवढा लोखंडी भार त्या कड्यातून खाली उतरायचा होता. एक दाता अडकला की संपलं.

"केळीचं सोपट," मी एकदम म्हणालो.

"आँ?" सहदेव वरून म्हणाला.

आम्ही हार बांधतो ते कशाने? केळीच्या खांबाची आतली साल सोलून, ओली करून. तिच्यासारखं गुळगुळीत मऊ जगात काही नाही. मी घरी पळालो, केळ कापली, बायको ओरडत राहिली. सगळ्यांत आतल्या सालीच्या डझनभर पातळ पट्ट्या काढल्या. पुंजारामांनी त्यांना चरबी फासली. त्यातल्या सहा मी कड्याच्या आतून उभ्या लावल्या, वरची टोकं बाहेर लोंबती ठेवून. लोखंड सालीवरून घसरेल, चामड्याला शिवणार नाही.

"सोड. साखळीच्या दोन कड्या. बास." सहदेवने साखळी दोन कड्यांनी सोडली. दट्ट्या बोटभर खाली आला. "दोन. बास. डावीकडे झुकला, थांब!" घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. साल कुरकुरली. पुंजाराम खड्ड्याच्या काठावर पालथे पडून कंदील धरून बघत होते.

दट्ट्याची कड कड्याच्या पार गेली. मी पट्ट्या ओढायला लागलो. एक आली. दोन, तीन, चार, पाच. सहावी अर्धीच आली.

"तुटली," मी म्हणालो.

अर्धी साल आत ठेवून दाब दिला तर ओठ नीट फाकणार नाही, चीर तिथूनच जाईल. दट्ट्या परत वर घ्यायचा तर तेच दाते ओठाला उलटे घासत जाणार, आणि मध्ये साल नाही.

"नव्या पट्ट्या पैले घाला," पुंजाराम शांतपणे म्हणाले. "वरून. पातळ आहेत, जातीन. मग उचला."

तुटक्या तुकड्याची जागा सोडून पाच नव्या पट्ट्या दट्ट्या आणि चामड्यामधून खाली सारायला मला पाऊण तास लागला. मग दट्ट्या केसाकेसाने वर घेतला, तुटका तुकडा बोटाने काढला, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. या वेळी सहाच्या सहा पट्ट्या बाहेर आल्या. मी त्या मांडीवर ठेवून दोनदा मोजल्या.

दिवस कलला तेव्हा पंप सुरू केला. मोरोपंत दाबाच्या काट्याशी उभे. काटा चढला. अर्ध्यावर आला, पाऊणवर आला. सिलिंडरच्या तोंडाशी एक थेंब जमला. तो मोठा झाला नाही. काटा पूर्ण दाबावर जाऊन थांबला आणि तिथेच राहिला. रुईची गाठ कण्हत आवळली गेली. सहदेवने आरोळी ठोकली. मी हातांवरची चरबी गोणपाटाला पुसली.

मोरोपंत माझ्याकडे वळले. "शाब्बास, भगवंता." मग पुंजारामांकडे पाहून म्हणाले, "म्हणजे चांगलं कातडं तुझ्यापाशी आहे तर! एक चांगलं द्यायचं आणि त्याच्या जोडीला दोन भाकड खपवायची. हे तर कुजक्यापेक्षा वाईट. बैठकीत मी हेच सांगणार."

दिवसभर ज्याच्यासाठी देव पाण्यात ठेवले, तेच कडं पुंजारामांच्या गळ्याला फास झालं होतं. आता माझ्यापाशी लपायला काहीच उरलं नव्हतं.

"पंत," मी म्हणालो. "ती तिन्ही चामडी चांगली होती. मी भाजली ती. खंडेनवमीला कोठीतून हलवली, बॉयलरमागे ठेवली आणि विसरलो. अडीच महिने तिथंच होती."

पंप चालूच होता. मोरोपंतांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यांना तो खंडेनवमीचा हुकूम आठवला असावा.

"हलवायला मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "बॉयलरमागे ठेवायला नाही."

"नाही. ते मी केलं."

"आणि हे काल का नाही बोललास?"

"भ्यालो."

"तुझं काय करायचं ते उद्या पाहू. बैठकीत मी काही बोलणार नाही." एवढं म्हणून ते गेले. पुंजारामांना एक शब्दही नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण रागावायचा हक्क मला कुठे होता?

पुंजाराम पातेल्यातलं पाणी फेकून देत होते. मी जवळ गेलो. माफी कशी मागावी ते मला सुचेना.

"मले कालच मालूम झालं होतं," तेच म्हणाले. "तडकल्या चामड्याच्या घडीत बॉयलरची काजळी होती."

"मग तुमी बोलले काहून नाई?"

"माह्यं कोण मानलं असतं? म्हणले असते, आपलं पाप मिस्तरीच्या डोक्यावर टाकून राह्यला. तुमी सांगतलं म्हून खरं ठरलं." त्यांनी चरबीचा डबा फडक्यात बांधला आणि गाठ मारली. "वाट पाहून राह्यलो होतो. काल घरी कोणीच जेवलं नाई, मिस्तरी. म्हातारी म्हणे, आता या वयात कुठं जायचं."

मी पातेलं फडक्याने पुसून त्यांच्या हातात दिलं.

"पुढची चामडी मी माह्याच घरी ठेवीन," ते म्हणाले. "लागली का माणूस धाडा." पातेलं काखेत धरून ते फाटकाबाहेर पडले.