हाडातली वाट

मित्रांनो, जरा पाठीमागे हात न्या आणि मधल्या हाडावरून बोट फिरवा. गाठी गाठी लागतात ना? तेच तुमचे मणके. त्या गाठींच्या आत काय चाललेलं असतं, ते तुम्हाला कधीच कळणार नाही. मला कळतं. कितीतरी माणसांच्या मणक्यांत मी जाऊन आलो आहे, आणि आता म्हातारपणी सोलापुरातल्या एका दवाखान्याच्या खणात पडलो आहे.

मला प्रोब म्हणतात. मूठ जाड, दांडा बारीक, टोक बोथट. एखाद्याचा मणका मोडला की डॉक्टर आजूबाजूच्या मणक्यांत स्क्रू बसवतात आणि ते सळ्यांनी बांधून टाकतात. पण स्क्रू काही आपल्या मनाने हाडात शिरत नाही. त्याच्याआधी कुणाला तरी पुढे जाऊन वाट करून ठेवावी लागते. ते काम माझं. ही वाट फार अरुंद असते, आणि तिच्या भिंतीपलीकडेच मज्जारज्जू असतो, म्हणजे पायांना हुकूम पोचवणारी मऊ दोरी. टोक जरासं त्या अंगाला कललं, की माणूस उभं राहायचंच विसरतो.

माझा जन्म भट्टीतला. पोलाद तापलं, ठोकलं, घासलं. त्यातलं मला फारसं आठवत नाही. खरी जाग आली ती पहिल्या हाडात. तो माणूस विणकर होता, यंत्रमागावर उभा जन्म काढलेला. डॉक्टर मृत्युंजय यांनी मला त्याच्या मणक्याला टेकवलं, हळूच फिरवलं, आणि आत खटखट, खटखट, माग चालू होता! माणूस भूल देऊन पालथा निजवलेला, खोलीत चिडीचूप. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू? पुढे कळलं, की हाडं काही म्हणजे काही विसरत नाहीत. टेंभुर्णीच्या एका ट्रक ड्रायव्हरच्या कमरेत इंजिन घुरघुरत होतं, आणि मध्येच एक लहान मूल कुणाला तरी हाका मारत होतं. ते मूल कोण, हे मी कुणाला विचारणार?

डॉक्टरांचा माझ्यावर भारी जीव. नवा चकचकीत संच आला तरी म्हणायचे, "सिस्टर, तो जुनाच द्या. तो हातात असला की हाड आपणहून वाट दाखवतं." हे ऐकून मी नुसता फुगून जायचो. मला धुवायचा, पुसायचा, कापडात बांधून वाफेच्या यंत्रात ठेवायचा तो महिपती. ऑपरेशन थिएटरातला जुना कामगार, कुंभारीहून सायकलवर यायचा. "काय राव, आज कुनाच्या पाटीत जाऊन आलास?" असं मला विचारायचा आणि स्वतःच हसायचा. उत्तर द्यावं असं फार वाटायचं, पण पोलादाला तोंड कुठलं?

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. गिरणीत असते, गॅरेजात असते, तशी ऑपरेशन थिएटरातही. त्या दिवशी महिपतीने आम्हा सगळ्यांना पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग आला नारळ. फोडताना पाणी सांडू नये, तीर्थ म्हणून सगळ्या स्टाफला मिळावं, असं रुद्राणी सिस्टर म्हणाल्या. एवढं बोलून त्या पेले आणायला गेल्या. डोळा टोचून पाणी काढायचं, तर टोचायला जवळ काही नाही. महिपतीने इकडेतिकडे पाहिलं आणि मलाच उचललं! अहो, आत्ता ज्याच्या पाया पडला, त्यालाच नारळात खुपसायचं? त्यातून गड्याने नेमका निबर डोळा धरलेला. मला दाबलं, पिळलं, वरून बत्त्याने ठोकलं. कट्! पाणी निघालं, आणि माझं टोक केसभर वाकलं.

महिपतीने ते पाहिलं. अंगठ्याने चाचपलंही. "न्हाय, न्हाय, कायबी झालं न्हाय," असं स्वतःशीच पुटपुटत त्याने मला धुतलं आणि संचात बांधून टाकलं. नोकरीची भीती, दुसरं काय! मला त्याचा असा राग आला होता, की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी एका बाईला आणलं. दाराला तोरण बांधताना शिडी सरकून पाठीवर आपटलेली. मणका चुरलेला, पायांना मुंग्या, बोटं जेमतेम हलत होती. मज्जारज्जू अजून शाबूत होता. मणके वेळेत बांधले तर ती चालणार होती. ती होती सोजरबाई, महिपतीची बायको.

डॉक्टरांनी महिपतीला बाहेर थांबायला सांगितलं. थिएटरच्या दाराला गोल काच आहे, तिला चिकटून तो उभा राहिला. आत संचाचं कापड सुटलं, आणि सिस्टरांनी नेहमीप्रमाणे मला डॉक्टरांच्या हातात दिलं. काचेपलीकडे महिपतीचा चेहरा पांढराफटक पडला.

मी हाडात शिरलो. सोजरबाईच्या हाडात कुणीतरी भाकरी थापत होतं. थप थप, थप थप. पहिली वाट कशीबशी सरळ झाली. दुसरीत मात्र माझं वाकडं टोक मज्जारज्जूकडे वळायला लागलं. मी मागे ओढत होतो, टोक ऐकेना. डॉक्टर फिरवत होते, मधलं हाड पातळ होत चाललं होतं. भिंतीपलीकडे ती दोरी धडधडताना मला ऐकू येत होती. काचेमागे महिपतीचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. तेव्हा मी जीव खाऊन ओरडलो, "महिपती, सांग! सांग की रे!"

आतलं थापणं एकदम थांबलं. हाडात अशी शांतता मी कधीच अनुभवली नव्हती. आत कुणीतरी हात थांबवून कान देत होतं.

दार धाडकन उघडलं. डोक्यावर टोपी नाही, तोंडाला मास्क नाही. "सायेब, थांबा! त्यो नगा घिऊ, त्यो वाकलाय!"

"महिपती, आधी बाहेर हो!" सिस्टर किंचाळल्या.

"म्या काल नारळाचा डोळा फोडला त्येनं, सायेब. माजी नोकरी काढा, पन माज्या सोजरचं पाय वाचवा!"

डॉक्टरांनी मला अलगद बाहेर काढलं आणि ट्रेवर सोडलं. वाकड्या टोकामुळे मी अडखळत गडगडलो. त्यांनी लगेच दुसऱ्या संचातला प्रोब मागितला.

सोजरबाई चालली, मित्रांनो! आधी वॉकर धरून, मग नुसती भिंतीला हात लावत. महिपतीने भरपूर बोलणी खाल्ली, पण त्याची नोकरी राहिली. टाके काढायला दोघं आली, तेव्हा डॉक्टरांनी मला खणातून काढून त्याच्यापुढे धरलं. "बघ, केसभर. एवढ्याने तिचे पाय गेले असते."

सोजरबाईने मला हातात घेतलं. वाकड्या टोकावरून बोट फिरवलं. "ह्यो व्हय त्यो? म्या पालती पडले हुते, तवा ह्योच वरडत हुता माज्या पाटीत."

"आगं, तुला भूल दिली हुती की," महिपती म्हणाला.

"आसंल. पन तुमच्या नावानं वरडत हुता. 'सांग, सांग' म्हनत हुता."

डॉक्टरांनी मला घाईघाईने खणात टाकलं आणि खण लावून घेतला.

तेव्हापासून मी इथेच आहे. मित्रांनो, तुमच्या हातून एखादी वस्तू वाकली, तडकली, तर तेव्हाच्या तेव्हा सांगून टाका. बोलणी खावी लागतील, खा. आम्हा मुक्यांना ओरडायची वेळ आणू नका. आमचं ओरडणं ऐकू यायला माणसाला फार खोल जावं लागतं. सोजरबाई जाऊन आली. म्हणून तर तपासणीला आली, की ती कुणाचं लक्ष नाही असं बघून खणापाशी थांबते आणि हळूच म्हणते, "त्येनी सांगितलं, बाबा. नीज आता."