चढाची परीक्षा

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. ओढणे हा माझा धंदा. माझ्या पुढच्या काचेला तडा गेला आहे, डाव्या दाराची कडी दोरीने बांधलेली आहे आणि माझा मूळ रंग कोणता होता हे आता मलाही सांगता येणार नाही. पण माझा मागचा हूक बघा. तो रोज पुसला जातो, त्याला ग्रीस लावले जाते. या वयात माझे एवढे लाड का होतात, ते सांगते.

माझा जन्म इथल्याच कारखान्यात झाला, म्हणून माझे कौतुक कोणी फारसे केले नाही. पिकते तिथे विकत नाही म्हणतात ते उगीच नाही. मला घेतले होड्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींनी. त्यांचे आवार टेकाडावर, समुद्राचा धक्का खाली आणि मधे दगडी भिंतीच्या कडेने वळत जाणारा तीव्र उताराचा रस्ता. फुटकी होडी ट्रेलरवर घालून वर आणायची आणि बरी झाली की खाली नेऊन पाण्यात सोडायची, हे माझे काम. लाकडाचा भुसा आणि ओल्या दोरखंडांचा वास माझ्या सीटमध्ये मुरला तो आजतागायत गेलेला नाही.

मला चालवायचा तो मिस्त्रींचा मुलगा. ‘जरा सबुरीनं’ हे त्याचे पालुपद होते, त्यामुळे आवारातले सगळे त्याला सबुरीच म्हणत. घास गिळायलाही मुहूर्त बघतो, अशी त्याची बहीण त्याची थट्टा करायची. या बहिणीला तो ताई म्हणे, म्हणून मीही तिला ताईच म्हणते.

आता एक गोष्ट नीट ऐका. ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे ब्रेक असतात. त्यांच्या वायरची पिन माझ्या मागच्या सॉकेटमध्ये खोचली की मी थांबताना ट्रेलरही थांबतो. खोचली नाही तर मी थांबू बघते आणि ट्रेलर मला मागून ढकलत राहतो. म्हणून उताराच्या तोंडाशी सबुरी आधी पिन खोचायचा, मला चार हात पुढे घ्यायचा, ब्रेक दाबायचा आणि खिडकीतून विचारायचा, “धरलं का?” मागे उभे असलेले मिस्त्री ट्रेलरची चाके अडली का ते वाकून बघायचे आणि म्हणायचे, “धरलं.” त्याशिवाय आम्ही कधी निघालो नाही. पाऊस असो, ऊन असो, होडीचा मालक बोटे मोडत उभा असो.

वर्षे गेली. होड्या जड झाल्या, त्यांची इंजिने मोठी झाली आणि माझा क्लच चढावर रडू लागला. नवी गाडी घ्यायचे ठरले तेव्हा घरात दोन पक्ष पडले. मिस्त्रींना माझ्याच कारखान्याची नवी गाडी हवी होती. सुटा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि कुठलाही मेकॅनिक बोनेट उघडू शकतो, हे त्यांचे म्हणणे. ताईचा नवरा, म्हणजे मिस्त्रींचा जावई, परदेशी गाडीच्या बाजूने होता. तोही आवारातच काम करायचा, इंजिने बसवायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वजनदार गोष्टींचे फार वेड.

“मामा, या गाडीपुढं आपल्या गाड्या म्हणजे खेळणी,” तो म्हणाला.

“हातच्या काकणाला आरसा कशाला, जावईबापू? चढावर बघू,” मिस्त्री म्हणाले.

आमच्या आवाराची ही जुनी रीत. कुठलेही यंत्र घ्यायचे तर आधी ते चढावर तपासायचे. दोन्ही दुकानांचे विक्रेते आपापली गाडी घेऊन आले. खाली धक्क्यावर सर्वांत जड होडी ट्रेलरवर चढवली. आधी माझ्याच कारखान्याची नवी गाडी, माझी धाकटी बहीणच म्हणा, आली. वळणावर ती थरथरली, धूर सोडला, पण वर आली. मग मी तीच होडी पुन्हा खाली नेली आणि ती परदेशी गाडीला जोडली. ती अशी आली की वर उभ्या असलेल्यांना इंजिनाचा आवाज चढलेलासुद्धा कळला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तिचा हेवा वाटला, खोटे कशाला बोलू.

सबुरी मात्र ट्रेलरच्या मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “बाबा, आता एकदा खाली उतरवूनही बघू या.”

मिस्त्री म्हणाले, “उतरायला काय लागतं रे? घसरत कोणीही येतं.”

सगळे हसले. विक्रेताही हसला. सबुरीही हसला.

परदेशी गाडी आवारात आली आणि मी शेडच्या मागे गेले. चढताना पिन लागली नव्हती; पहिल्यांदा खाली उतरायची वेळ आली तेव्हा कळले की आमच्या ट्रेलरची पिन तिच्या सॉकेटमध्ये बसत नाही. तिची घडणच वेगळी. मधे घालायची एक जोडपिन बाहेरून मागवावी लागणार होती. यात त्या गाडीचा काही दोष नव्हता, हे मी आजही सांगेन.

“पिन येईपर्यंत जुनीच वापरू, दाजी. सबुरीनं घेऊ,” सबुरी म्हणाला.

“अरे, ही गाडी केवढी, ती होडी केवढी! ती काय हिला ढकलणार?” जावई म्हणाला.

मिस्त्रींनी अडवले नाही. जावयाचा शब्द मोडणे त्यांना जड गेले असेल, किंवा चढावरच्या टाळ्या अजून कानात असतील. लहान होड्या बिनबोभाट खाली गेल्या. त्यानेच सगळे निर्धास्त झाले. “धरलं का?” हा प्रश्न उताराच्या तोंडाशी ऐकू येईनासा झाला, कारण धरायला काही जोडलेलेच नव्हते. सबुरी तेवढा हातात लाकडी ठोकळा घेऊन ट्रेलरच्या बाजूने चालत जायचा. गाडी घसरली तर चाकाखाली घालता येईल म्हणून.

मग नवे इंजिन बसवलेली मोठी होडी खाली न्यायची वेळ आली. सकाळची वेळ होती. जावई गाडी चालवत होता, सबुरी शेजारून चालत होता. शेडच्या मागून मला रस्त्याचा वळणापर्यंतचा भाग दिसतो. मी बघितले ते असे. परदेशी गाडीचे मागचे दिवे लागले, म्हणजे ब्रेक दाबला गेला. गाडी थांबू लागली, ट्रेलर थांबेना. त्याने गाडीला मागून रेटले आणि ती आडवी होऊ लागली. सबुरी धावला. त्याने चाकाखाली ठोकळा घातला, तो उडून गेला. त्याने तो उचलून पुन्हा घातला. दूर पळायला त्याला जागा होती. पण गाडीत ताईचा नवरा होता. ट्रेलर होडीसकट भिंतीवर कलंडला, आणि सबुरी भिंत आणि ट्रेलर यांच्या मधे होता.

तो तिथेच गेला, मित्रांनो. जन्मभर ज्याने कधी घाई केली नाही, तो पोरगा धावत गेला.

मोडलेली गाडी वर आणायला मलाच नेले. मिस्त्री चालवत होते, जावई शेजारी बसला होता. त्याच्या कपाळाला पट्टी होती, बाकी खरचटलेही नव्हते. मी त्या परदेशी गाडीला ओढत वर आणले. तिच्या मागचे सॉकेट अगदी कोरे होते. मला एके काळी वाटले होते, हिची एकदा जिरावी. त्या दिवशी मला फक्त तिची कीव आली.

वळणावर जावई म्हणाला, “मामा, माझ्यामुळं गेला तो.”

मिस्त्रींनी गिअर बदलला. मग म्हणाले, “तो म्हणाला होता, उतरवून बघू. हसलो मी होतो.”



सबुरीचे दिवस व्हायच्या आधीच ती जोडपिन आली. ताईनेच पाकीट फोडले. मुठीत मावेल एवढी होती ती. ताई ती हातात धरून शेडच्या पायरीवर बसून राहिली. कोणी तिला उठवले नाही.

आता पुन्हा मीच होड्या ओढते. क्लच नवा घातला आहे, जड होड्या आम्ही घेत नाही. मिस्त्री चालवतात. जावई त्या दिवसापासून स्टिअरिंगला शिवलेला नाही. तो माझा हूक पुसतो, ग्रीस लावतो, पिन खोचतो आणि ओढून बघतो, मग पुन्हा ओढून बघतो.

मित्रांनो, देशी गाडी घ्या की परदेशी, तो वाद खुशाल घाला. दोन्हींत चांगल्या आहेत, दोन्हींत वाईट आहेत. पण ती किती ओढते हे विचारायच्या आधी, मागे भार असताना ती थांबते कशी हे विचारा. तुमच्यातला एखादा शांत माणूस ‘आता उतरवूनही बघू’ म्हणाला, तर हसू नका.

आज सकाळीही आम्ही उताराच्या तोंडाशी उभे होतो. मिस्त्रींनी मला चार हात पुढे घेतले, ब्रेक दाबला आणि खिडकीतून विचारले, “धरलं का?” मागे ताई उभी असते. ती गुडघे टेकून बसते, चाकाजवळ तोंड नेऊन बघते, आणि तिला उत्तर द्यायला जरा वेळ लागतो. तोवर मिस्त्री पाय उचलत नाहीत.

“धरलं, बाबा,” ती म्हणाली, आणि आम्ही निघालो.