नीळकंठ आणि महानंदाचे हात

"पेटी पोटाशी घट्ट धर. श्वास रोख. अन् मगच खटका दाब."

थोरल्या भावानं, महालिंगप्पांनी म्हणजे तिच्या आण्णांनी दिलेली ही शिकवण महानंदाला माळावर पाऊल टाकलं की जशीच्या तशी ऐकू यायची. ऐकायचे ते फक्त कान. हात कुणाचं ऐकतील तर शपथ!

बेंबळीच्या माळावर उन्हापावसात फोटोची पेटी घेऊन हिंडणारे आण्णा, विहिरीवरचा खंड्या टिपायला वाकले आणि आत पडले. कंबर गेली. मागोमाग एका डोळ्याची ज्योत विझली, दुसऱ्यावर पडदा चढू लागला.

"दिसतंय तवर पंख पसरलेला नीळकंठ एकदा दाखव, बाई. मला कधी जमला न्हाय."

"आण्णा, फोटोत काळं-पांढरंच येतंय, निळं येत न्हाय."

"निळं मला ठावं हाय. पंख आण."

आता इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणाऱ्या बाईला टिपायचा कोण, तर महादेवाचं नाव लावणारा पक्षी! तो दिसला की हात जोडायचे, हे तिला चालायला येण्याआधीपासून येत होतं.

पावसाळ्यात सराव म्हणून तिनं सुगरणीची घरटी टिपली. फोटोत बाभळीचं खोड आलं, तेही तिरपं. दसरा झाला आणि तारेवर नीळकंठ बसला. महानंदाचे हात जोडले गेले, पेटी गळ्यात लोंबकळली, खटक्याला कोपर लागलं. हुरड्याच्या दिवसांत तो थेट डोक्यावरून उडाला. या खेपेला भक्ती वाढल्यामुळं तिनं डोळेही मिटले. मग हरणांचा कळप तरी टिपावा म्हणून तिनं नीट श्वास रोखला. तिचा श्वास रोखून होईपर्यंत हरणं शिवेपार गेली.

सोलापूरहून फोटो धुऊन आले. शिवम्मावहिनीनं ते बघून पदर तोंडाला लावला.

"वन्सं, देवाकडं तिसरा हात मागून घ्या. दोन हातांत ह्यांचा नीळकंठ मावंना."

आण्णांनी एक फोटो डोळ्याला चिकटवून धरला. "ह्यो कोणचा पक्षी?"

"माझा पायाचा अंगठा हाय, आण्णा."

आण्णा खोकला येईपर्यंत हसले. मग फोटो उजेडाकडं फिरवत हळूच म्हणाले, "व्हय का? मला त्याचं नखबी दिसंना."

महानंदाचं हसू तिथंच थांबलं. पेटीत आता आण्णांचं जुनं, शेवटचं रीळ होतं, त्यात एकच फोटो उरला होता, आणि महायुद्धापायी सोलापुरात नवं रीळ मिळत नव्हतं. एवढ्या उपासतापासांची पुण्याई गाठीशी, आणि भावाला दाखवलं काय, तर अंगठा!

ती अंथरुणाजवळ बसली. "आण्णा, उद्या सकाळी माझा नमस्कार तुम्ही घाला. हितंच, पडल्या पडल्या. म्हंजे माझे हात मोकळे राहतील. मी तुम्हाला पंख आणते."

"महादेवाला चालंल?"

"त्याला चालंल. माझ्या हातांना चालतंय का, तेवढंच बघायचं."

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून ती ओसरीवर आली. आण्णा आधीच जागे होते. डोळे मिटून, उशीला टेकून, त्यांनी दोन्ही हात छातीशी जोडले होते. चहाला विचारायला आलेल्या वहिनीनं ते पाहिलं आणि ती न विचारताच आत वळली.

महानंदानं पेटी गळ्यात अडकवली, आवाज न करता कडी काढली आणि माळाची वाट धरली.