बारीची काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. स्पेनच्या उत्तरेला, लिओनच्या डोंगरातल्या वाल्देरोब्रे गावची. चेस्टनटची सरळ फांदी सोलून, चुलीच्या धगीवर शेकून गावाने मला तयार केलं. माझा मालक असा कुणी नव्हता.

गावातल्या सगळ्या घरांच्या शेळ्या एकाच कळपात डोंगरावर चरायला जात. त्यांच्यामागे जायची बारी रोज एका घराची. ती कुणाची, हे माझ्यावरून कळायचं. संध्याकाळी कळप परतला की त्या दिवशीचा माणूस मला शेजारच्या दाराला टेकवून जाई. सकाळी त्या घरातल्या कुणीतरी मला उचलायचं आणि निघायचं. त्यात लहानमोठं काही नव्हतं. एकदा सरपंचीणबाई तोंड वाकडं करून म्हणाल्या, "उद्या आमच्याकडे पाहुणे आहेत हो."

"मग त्यांनाही न्या की," शेजारीण म्हणाली. "लांडगा आला तर तेवढीच सोबत!"

दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन शेळ्यांमागे गेल्या. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू?

प्रिस्का खालच्या खोऱ्यातून लग्न होऊन आली, ती पहिल्याच बारीला धुक्यात अडकली. परतली तेव्हा अंधारलं होतं. शेजारचा फिदेन्सियो दारात उभाच होता.

"काय गं, तू शेळ्यांना नेलं होतंस की शेळ्यांनी तुला?"

"बाकीच्या गुमान आल्या. तुझीच तेवढी अडून बसली. धन्यावर गेलीय."

सगळी गल्ली हसली. पण तिने दिवसभर मला किती घट्ट धरलं होतं, ते मला ठाऊक होतं.

मग डोंगराखाली डांबरी रस्ता आला आणि रस्त्याने बस आली. बिल्बाओच्या पोलादाच्या भट्ट्यांना माणसं हवी होती, बार्सिलोनाला हवी होती, जर्मनीलाही हवी होती. मी कुणाला दोष देत नाही. इथल्या खडकाळ शेतात पोटापुरतंही पिकत नव्हतं, आणि तिकडे महिन्याचा पगार होता, पोरांना शाळा होती, स्वयंपाकघरात नळ होता. दर वर्षी कुणी ना कुणी दाराला कुलूप घालून, गाद्या बसच्या टपावर बांधून निघून जाई. पूर्वी महिन्याने भेटणारं दार मला पंधरवड्यात भेटू लागलं, मग आठवड्यात. बायका म्हणत, "काठी हल्ली फार लवकर येते बाई!" माझा काय दोष? मधली दारंच गळत होती.

शेवटी दोन उरली. एक प्रिस्काचं, ती आता विधवा होती. दुसरं फिदेन्सियोचं, त्याने लग्नच केलं नव्हतं. एक दिवस ती, एक दिवस तो. पुढे तिचे गुडघे गेले आणि तिची मुलगी असुन्सियोन बिल्बाओहून गाडी घेऊन आली.

"आई, या पायांनी डोंगर चढणार तू? तिकडे लिफ्ट आहे, दवाखाना आहे."

प्रिस्काने आपल्या शेळ्या फिदेन्सियोच्या गोठ्यात सोडल्या आणि मला घेऊन त्याच्या दाराशी आली. त्याने मला हात लावला नाही.

"आज मी गेलो होतो. उद्या तुझी बारी."

"मी चाललेय, फिदेन्सियो."

"दिसतंय. म्हातारा झालोय, आंधळा नाही. पण काठी तुझ्याच दारी राहील. आजारी घराची बारी शेजारी करतो, तशी मी करीन."

"घर आजारी नाही रे. बंद झालंय."

"ते मी ठरवीन," असं म्हणून त्याने दार लावून घेतलं. बिचाऱ्याचे डोळे भरले होते.

तेव्हापासून एक दिवसाआड तो मला त्या कुलूपबंद दाराला टेकवायचा आणि सकाळी स्वतःच येऊन उचलायचा. शेळ्या दोघांच्याही त्यालाच चारायच्या होत्या. तरी त्याने तिचा दिवस कधी आपला म्हटला नाही.

पुढच्या ऑगस्टात, जत्रेच्या दिवसांत, असुन्सियोन आईला घेऊन आली. जत्रा कसली, तिघंच माणसं! उंबऱ्याशी मला पाहून ती म्हणाली, "कुणीतरी काठी विसरलंय, आई."

प्रिस्काने माझ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "विसरलं नाही. उद्या बारी आहे आपली."

सकाळी फिदेन्सियो शेळ्या सोडायला आला, तर प्रिस्का गोठ्याशी उभी. पायांत शहरी बूट, एका हातात मी, दुसरा हात लेकीच्या खांद्यावर. चढणीच्या पहिल्या वळणापर्यंत ती कशीबशी पोचली आणि दगडावर बसली. तिने मला लेकीच्या हातात दिलं.

"पुढे तू जा. वाट शेळ्यांना माहीत आहे."

असुन्सियोन एकदा आईकडे बघून शेळ्यांमागे निघाली. फिदेन्सियो प्रिस्काशेजारी टेकला.

"तुझी पोर काठी उलटी धरते," तो म्हणाला.

"शिकेल," प्रिस्का म्हणाली.

त्या दोघी परत गेल्या. फिदेन्सियोलाही आता धाप लागते. मित्रांनो, तुम्ही कधी वाल्देरोब्रेला आलात आणि मी एखाद्या बंद दाराशी दिसले, तर जुनी वस्तू म्हणून मला काचेच्या कपाटात ठेवू नका. मला उचला, शेळ्या सोडा, आणि संध्याकाळी पुढच्या दाराला टेकवा.