पोरीचा कौल

सरलाबाईने पोरीला चार दिवस पढवलं होतं. अंगणात मिरच्या पसरलेल्या, दोघी देठं खुडत बसायच्या, आणि सरलाबाई मधेच विचारायची, "बैठकमा आप्पा इचारतीन, कोणजोडे ऱ्हाशी? तू काय सांगशी?"

"पप्पाजोडे ऱ्हासु."

"जोरमा सांग. आनि सांगताच चालू लागनं. मम्मीकडे देखानं नही."

नऊ वर्षांची रुपा मान हलवायची आणि पुढची मिरची घ्यायची.

सरलाबाई तिची फुई, बापाची मोठी बहीण. स्वतःचा संसार नवापूरकडे, पण भावाचं मोडतंय म्हटल्यावर आठ दिवस आधीच माहेरी येऊन ठाण मांडून बसलेली. धर्मेंद्र आणि सीमाच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. दारू नव्हती, मारहाण नव्हती, तिसरं कोणी नव्हतं. दोघांचं जमत नव्हतं, एवढंच. एवढं कारण गावाला पुरत नाही, म्हणून गावाने आपापली कारणं शोधून काढली होती. तीन महिन्यांपूर्वी सीमा नंदुरबारला खोली घेऊन राहिली, शिवणाच्या दुकानात कामाला लागली. कागद कोर्टात होते, दोघांच्या सह्या झालेल्या. उरली होती पोर.

पोरीचा निकाल समाजाच्या बैठकीत लागायचा होता. गावाची रीतच तशी. सभामंडपात एका बाजूला आईची माणसं, दुसऱ्या बाजूला बापाची, मधे पोर उभं करायचं, कोणाकडे राहशील विचारायचं आणि म्हणायचं, चाल, जायचं तिकडे जा. चालत जाईल तिकडचं ते झालं. याला म्हणे कौल. देवाला कौल लावतात तेव्हा निदान देव दगडाचा तरी असतो.

आणि सरलाबाईला हा कौल जिंकायचा होता. "घर सोडीसन गयी ती, तिले पोर कसाले पाहिजे?" असं ती शेजारणींना दिवसातून चारदा ऐकवायची. रुपाला तिने लाल सायकल कबूल केली होती. समोरचेही झोपलेले नव्हते. सीमाचा भाऊ लखन रनाळ्याहून रोज संध्याकाळी भाचीला फोन करायचा. त्याच्याकडून मोबाईल मिळणार होता, मोठ्या स्क्रीनचा. पोरीचा लिलाव चालला होता, आणि बोली लावणारे सगळे सख्खे.

रविवारी, बैठकीच्या दिवशी सकाळी, सरलाबाई रुपाला न्हाऊ घालत होती. पाणी गुडघ्यावर पडलं तशी पोर कळवळली. दोन्ही गुडघे सोललेले. एकावर खपली, दुसरा ताजा. कोपरही खरचटलेलं.

"कोठे पडनी वं?"

"तसंच पडनू नही, फुई. शिकी ऱ्हायनू."

"काय शिकी ऱ्हायनी?"

"पडाले." रुपा अगदी सरळ सांगत होती, शाळेतलं गणित सांगावं तसं. "आप्पा चाल म्हनतीन ना, तवय मी तीन पाऊल पप्पाकडे चालसु आनि पडी जासु. पन रगत निंघनं पाहिजे, नहीतं कोनी उठत नही. रगत निंघनं का पप्पा बी येई, मम्मी बी येई. दोन्ही येतीन ना, फुई?"

सरलाबाईने तांब्या खाली ठेवला.

"मामाले सांगेल शे, मम्मीजोडे ऱ्हासु. तुले सांगेल शे, पप्पाजोडे. दोन्ही खरं शे. म्हनीसन पडनंच बरं." मग खपलीला बोट लावत, "मन्ही शाळावरीनच भांडेत ते. मी सांगं व्हतं, माले नही जानं नंदुरबारनी शाळामा. तरी मम्मी गयी."

सरलाबाईला आधी सीमाच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. मग धर्मेंद्रच्या. आणि मग तिला आठवलं की मागच्या ओट्याच्या दगडी पायऱ्यांवर पोर रोज दुपारी एकटीच काहीतरी खेळायची, आणि आपण तेव्हा शेजारणीपाशी बसून सीमाच्या नावाने बोटं मोडत होतो. तिने पोरीला कोरडं केलं, हळद लावली, फ्रॉक घातला. बोलली असती तर शिवीच निघाली असती, आणि ती आधी स्वतःलाच बसली असती.

सभामंडपात साठ-सत्तर माणसं, एका बाजूला धर्मेंद्र, दुसऱ्या बाजूला सीमा आणि लखन. चहा फिरून झालेला. नथ्थू आप्पा, बैठकीतले सगळ्यात वडीलधारे, टोपी नीट करत म्हणाले, "चला. पोरले मधमा उभी करा."

सरलाबाईने रुपाचा हात सोडला नाही. "कौल-बिउल काही नही, आप्पा. बंद."

"सरला, तू बठ. बैठकमा बायासनं काम नही."

"मंग ही कोन शे? नऊ वरीसनी बाईच शे ना? हिले बोलाले उभी करी ऱ्हायनात, आनि मी बोलनू तं बायासनं काम नही?"

मागून कोणीतरी हसलं. लखन उठला. "अक्का, हारानी भीती वाटी ऱ्हायनी का?"

"लाज वाटी ऱ्हायनी, लखन. चार दिवस मी हिले पढाडेल शे, पप्पा सांग म्हनीसन. तू बी फोनवर पढाडेल शे, मम्मी सांग म्हनीसन. खोटं शे का? सांग ना सगळासमोर!"

लखन खाली बसला.

"पोरनी काय हालत व्हई गयी, कोनी देखं का?" सरलाबाई वाकली, गुडघे दाखवायला फ्रॉकच्या घेराला हात घातला. रुपाने दोन्ही मुठींनी घेर घट्ट दाबून धरला. सरलाबाईने हात मागे घेतला. "नही दाखाडसु. तमाशा नही शे ती."

"मंग पोर ऱ्हाई कोठे?" आप्पांचा आवाज चढला. "रीत शे आपली. आजवर कोनं पोर मरनं का तिना कारन?"

"मरनं नही म्हनीसन चांगली व्हई गयी का रीत? कोठे ऱ्हाई ते तिना मायबाप ठराईतीन. कोर्टमा सह्या कराले दोन्हीसले हात शेत, मंग पोरसंगे बोलाले तोंड नही?" तिने भावाकडे बोट केलं. "धर्मा, ऊठ. सीमा, तू बी. चला मागे."

सभामंडपामागे एक खोली होती, सतरंज्या आणि भांडी ठेवायची. सरलाबाईने तिघांना आत घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"सांगा तिले."

धर्मेंद्र सतरंज्यांकडे पाहत होता. "काय सांगू, अक्का? ती ल्हानी शे."

"साठ मानसासमोर न्याव कराले मोठी शे, आनि खरं ऐकाले ल्हानी शे?"

सीमा खाली बसली, पोरीच्या डोळ्यांच्या उंचीला. "रुपा, मी आनि पप्पा आते एक घरमा ऱ्हानार नही. तुन्हामुये नही. शाळामुये बी नही. आमना दोन्हीसनंच पटत नही. तू माले बी पाहिजे, पप्पाले बी पाहिजे. तुले कोनी निवडाले लावनार नही."

"आनि मी पडनू तरी?"

सीमाला ते कळलं नाही. धर्मेंद्रलाही नाही. पण उत्तर देणं भाग होतं, आणि पहिल्यांदाच धर्मेंद्रने तोंड उघडलं. "तरी बी, बेटा. तू पडनी तं आम्ही दोन्ही येसुत. पन एक घरमा नही."

रुपाने बापाच्या मांडीवर लाथ घातली. आईच्या खांद्यावर, छातीवर गुद्दे घातले. "मंग काबर सांगं नही! काबर सांगं नही तुम्ही!" आवाज असा की बाहेरची कुजबुज थांबली. धर्मेंद्रने तिचे हात धरायला हात पुढे केला.

"धरू नको," सरलाबाई म्हणाली. "मारू दे."

मग पोर वळली. फुईच्या पोटात डोकं घातलं, दोन्ही मुठी कमरेवर आपटल्या. "तूनी बी! तूनी बी माले पढाडं!"

"हां," सरलाबाई म्हणाली. "मी बी."

बाहेरून दार वाजलं. आप्पा ओरडत होते, "अरे, काय चाललं शे? पोर काबर रडी ऱ्हायनी? दार उघड, सरला! बैठक खोळंबेल शे!"

सरलाबाईने पाठ आणखी घट्ट लावली. "खोळंबू द्या!" ती दारातूनच ओरडली. "चहा पिसन घर जा सगळा. आते तिनी बोलानी पाळी शे."